समोरच्याच्या खोडी : पंचाविना टेनिस

हौशी टेनिसमध्ये पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्यानेच तो आत की बाहेर हे सांगायचे आणि समोरच्याने ते मानायचे, अशी रीत आहे. म्हणजे ज्याचा गुण जाण्याच्या बेतात आहे, त्याच्याच हाती निकाल. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्या बाजूचा का होईना, एक जण अंपायर म्हणून उभा असतो. टेनिसमध्ये तेवढीही सोय नाही. शिवाय खेळ दोघांचा, फार तर चौघांचा. २३.७७ मीटर लांबीच्या कोर्टाच्या दोन टोकांना तास-दीड तास समोरासमोर उभे राहिल्यावर एकमेकांची प्रत्येक लकब डोळ्यांत खुपू लागते. कोणी सर्व्हिसआधी चेंडू आपटतच बसतो, कोणी गुणसंख्या तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, कोणी फटक्यागणिक ओरडतो, कोणी चुकलेल्या सर्व्हिसचा चेंडूही सपाटून परत मारतो. यातून होणारा वैताग खरा असतो, आणि त्यापायी गुणही जातात.

खोडींचे तीन प्रकार

अशा सगळ्या सवयी तीन प्रकारांत बसतात. पहिला प्रकार नियमभंगाचा: चुकीचे कॉल देणे, रेषेवर पाय देऊन सर्व्हिस करणे, समोरचा तयार नसताना सर्व्हिस टाकणे, समोरच्याच्या फटक्याच्या वेळी मुद्दाम ओरडणे. दुसरा प्रकार शिष्टाचाराचा: गुणसंख्या न सांगणे, चेंडू नीट परत न देणे, न मागितलेले सल्ले देणे, स्वतःवर सतत खेकसत राहणे. तिसऱ्या प्रकारात ना नियम मोडतो ना शिष्टाचार. फक्त समोरच्याचा खेळ आवडत नाही. उंच लॉब टाकत राहणारा, ड्रॉप शॉटवर ड्रॉप शॉट मारणारा, खालून सर्व्हिस करणारा खेळाडू या प्रकारातला.

प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा आहे. पहिल्यावर नियम, दुसऱ्यावर शब्द आणि तिसऱ्यावर रॅकेट. बहुतेक भांडणे होतात ती प्रकार ओळखण्यात चूक झाल्यामुळे. लॉब टाकणाऱ्याला नियम ऐकवता येत नाही, आणि चुकीचे कॉल देणाऱ्यावर जोरात फोरहॅण्ड मारून काही साधत नाही.

आत की बाहेर

सर्वांत कडू वाद कॉलवरून होतात. पंच नसलेल्या सामन्यांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने नियमांच्या पुस्तकात वेगळी कार्यपद्धती दिली आहे. तिच्यानुसार नेटच्या आपल्या बाजूचे सर्व कॉल खेळाडूने स्वतः द्यायचे. ते ताबडतोब आणि समोरच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यायचे. आणि शंका असेल तर तिचा फायदा समोरच्याला द्यायचा. रेषेला चेंडूचा निसटता स्पर्श झाला तरी तो आत धरला जातो. ‘बाहेर’ म्हटल्यावर चेंडू आत होता असे लक्षात आले, तर तो गुण पुन्हा खेळतात. मात्र समोरच्याचा तो फटका गुण जिंकणारा असेल, किंवा त्याच खेळाडूने सामन्यात आधीही असा चुकीचा कॉल दिला असेल, तर गुण समोरच्याला जातो.

बहुतेक चुकीचे कॉल बेइमानीतून येत नाहीत. टप्पा पडताना चेंडू जमिनीला काही सहस्रांश सेकंदच टेकतो. त्याच क्षणी कॉल देणारा धावत असतो, त्याची नजर फटक्यावर असते आणि मनात ‘हा बाहेर गेला तर बरे’ ही इच्छा असते. दुसरीकडे, समोरच्या बेसलाइनवरून पाहणाऱ्याला वीस मीटरांहून अधिक अंतरावरची रेषा आडवी दिसते, आणि चेंडू व रेषेमधली दोन-तीन सेंटिमीटरची फट दिसतच नाही. रेषेच्या लांबीच्या दिशेने पाहणाऱ्याला ती अधिक खात्रीने कळते. म्हणून ‘मला इथून स्वच्छ दिसला’ या दाव्यात सहसा फारसे तथ्य नसते. मातीच्या कोर्टावर टप्प्याची खूण उमटते. तेथे वाद न घालता खूण पाहता येते. हार्ड कोर्टावर ती सोय नाही.

खटकणारा पहिला कॉल सोडून द्यावा. दुसऱ्यांदा एकच प्रश्न विचारावा: ‘नक्की बाहेर होता?’ या प्रश्नात आरोप नसतो, पण पुढचा कॉल काळजीने दिला जातो. तरीही प्रकार चालू राहिला तर स्पर्धेत रेफ्रीला बोलवावे. क्लबमध्ये मार्करला किंवा बाकावर बसलेल्या एखाद्याला रेषा पाहायला सांगावे. बदला म्हणून आपणही चुकीचे कॉल द्यायला लागणे हा सर्वांत वाईट मार्ग. मग दोघांचेही कोणतेच कॉल विश्वासाचे राहत नाहीत. याच्या उलट, समोरच्याने आत धरलेला आपला फटका स्पष्ट बाहेर पडलेला दिसला, तर तसे आपणच सांगावे. असा एक कॉल समोरच्याचे पुढचे कॉलही सरळ करतो.

व्यावसायिक टेनिसमध्ये पंच असूनही खेळाडूंनी हे केलेले आहे. १९८२ च्या फ्रेंच ओपनच्या उपान्त्य सामन्यात मॅच पॉइंटवर होसे लुईस क्लेर्कचा फटका बाहेर ठरला आणि पंचांनी सतरा वर्षांच्या मॅट्स विलँडरला विजयी घोषित केले. विलँडरला तो चेंडू आत वाटला होता. त्याने गुण पुन्हा खेळवण्याची विनंती केली, तो पुन्हा जिंकला आणि पुढे स्पर्धाही जिंकली. २००५ मध्ये रोमला अँडी रॉडिकने मॅच पॉइंटवर फर्नांडो व्हर्दास्कोची बाहेर दिलेली दुसरी सर्व्हिस मातीवरची खूण दाखवून आत ठरवली. तो सामना मात्र रॉडिक हरला.

गुणसंख्येचा घोळ

गुणसंख्या सांगण्याची जबाबदारी सर्व्हिस करणाऱ्याची. प्रत्येक पहिल्या सर्व्हिसआधी ती समोरच्याला ऐकू जाईल अशी सांगायची असते. समोरचा सांगत नसेल तर रिटर्न करणाऱ्याने ती स्वतः मोठ्याने म्हणावी. दोन-तीन गेममध्ये बहुतेकांना सवय लागते.

मतभेद झालाच तर त्याची तोडही नियमांत आहे. जे गुण दोघांनाही मान्य आहेत ते कायम ठेवायचे आणि वादातला गुणच पुन्हा खेळायचा. समजा, एक जण ४०-३० म्हणतो आणि दुसरा ३०-४०, आणि वाद फक्त पहिला गुण कोणाचा एवढाच आहे. बाकीचे चार गुण दोघांना दोन-दोन मिळाले हे मान्य असेल, तर खेळ ३०-३० पासून पुढे चालू होतो. गेमच्या बाबतीतही हेच तत्त्व. ही पद्धत माहीत असली, की दहा मिनिटे चालणारा वाद अर्ध्या मिनिटात संपतो.

फार सावकाश, फार घाईत

दोन गुणांमध्ये जास्तीत जास्त २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद आणि सेट संपल्यावर १२० सेकंद, ही नियमाची मर्यादा. सेटमधल्या पहिल्या गेमनंतर आणि टायब्रेकमध्ये बाजू बदलतात, पण विश्रांती घेत नाहीत. चेंडू किती वेळा आपटावा यावर बंधन नाही. नोव्हाक जोकोविच दडपणाखाली चेंडू बराच वेळ आपटत राहतो आणि राफाएल नदालच्या सर्व्हिसआधीच्या लकबी ठरलेल्या असत. प्रश्न लकबींचा नसून घड्याळाचा आहे. वेळकाढूपणाच्या तक्रारी वाढल्यावर २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या मुख्य स्पर्धेत २५ सेकंद मोजणारे घड्याळ कोर्टावर लावण्यात आले. ग्रँड स्लॅमच्या मुख्य स्पर्धेत ते पहिल्यांदाच आले.

क्लबच्या कोर्टावर असे घड्याळ नसते, आणि तासाभराने पुढची बॅच दारात उभी असते. सावकाश खेळाडूची वाट पाहताना रिटर्न करणाऱ्याने बेसलाइनवर वाकून ताटकळत राहू नये. मागे पाठ करून दोन पावले चालावे आणि समोरचा चेंडू वर फेकण्याच्या तयारीला लागला की जागेवर यावे. फेकलेला चेंडू न मारता पुन्हा पकडला तर तो फॉल्ट होत नाही. म्हणून कितीही वेळा पकडला तरी त्यावर वाद घालण्याजोगे काही नसते.

घाई करणाऱ्याचा उपाय सोपा आहे. समोरचा तयार होईपर्यंत सर्व्हिस करता येत नाही, असा नियम आहे. रिटर्न करणाऱ्याने डावा हात वर करावा आणि तरीही सर्व्हिस आली तर रॅकेट फिरवू नये. चेंडू परत मारण्याचा प्रयत्न केला, की तो तयार होता असेच धरले जाते. अर्थात, सर्व्हिस करणाऱ्याच्या वाजवी गतीशी जुळवून घेणे हीदेखील रिटर्न करणाऱ्याचीच जबाबदारी असते.

आवाज आणि हालचाल

फटका मारताना हुंकारणे ही सवय मोनिका सेलेसमुळे जगभर गाजली. १९९२ च्या विम्बल्डनमध्ये मार्टिना नवरातिलोवाने उपान्त्य सामन्यात तिच्या आवाजाची तक्रार केली. अंतिम सामन्यात सेलेस बरीच शांत खेळली आणि स्टेफी ग्राफकडून ६-२, ६-१ अशी हरली. आवाजाचा परिणाम नुसता मनाचा खेळ नाही. स्कॉट सिनेट आणि ॲलन किंगस्टोन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टेनिस फटक्यांच्या चित्रफिती दाखवून चेंडू कोणत्या बाजूला जाईल हे ओळखायला सांगितले. फटक्याच्या क्षणी वेगळा आवाज ऐकवला, तेव्हा उत्तरे उशिरा आली आणि चुकाही वाढल्या. याचे एक कारण उघड आहे: चेंडू रॅकेटवर कसा बसला हे खेळाडू कानांनीही ओळखतो, आणि तोच आवाज दबतो. दुसऱ्या बाजूला, हुंकारामुळे मारणाऱ्याच्या फटक्याचा वेगही थोडा वाढतो, असे अमेरिकन महाविद्यालयीन खेळाडूंवरच्या अभ्यासात आढळले आहे. त्यामुळे प्रत्येक हुंकार डावपेच असतो असे म्हणता येत नाही.

नियम अडथळ्यापुरता बोलतो. मुद्दाम केलेल्या कृतीने समोरच्याला अडथळा आला तर गुण समोरच्याला. नकळत झाला तर गुण पुन्हा. दुहेरीत ही रेषा वारंवार ओलांडली जाते. चेंडू आपल्या बाजूला येत असताना जोडीदाराला ‘तुझा!’, ‘सोड!’ असे ओरडून सांगणे चालते. तोच चेंडू समोर जात असताना ओरडणे हा अडथळा ठरू शकतो. नेटवरच्या खेळाडूने जागा बदलणे किंवा सरकण्याची हूल देणे वैध आहे. हात हलवणे, पाय आपटणे नाही. आवाजाचा त्रास होणाऱ्याने समोरच्याच्या तोंडाऐवजी चेंडूच्या टप्प्याकडे लक्ष न्यावे. चेंडू टेकला की मनात ‘टप्पा’ आणि मारला की ‘फटका’ म्हणणे हा जुना सराव येथे उपयोगी पडतो.

रेषेवरचा पाय

सर्व्हिस करताना चेंडू मारण्याआधी पाय बेसलाइनला लागला तर फूट फॉल्ट होतो. हौशी खेळात तो सर्रास होतो, आणि करणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. समोरच्या टोकाहून तो नीट दिसतही नाही. म्हणून अमेरिकेत पंचाविना सामन्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या संहितेत याबाबत संयम सांगितला आहे: आधी सूचना द्यावी, अधिकारी मिळतो का पाहावे, आणि दोन्ही करून काही झाले नाही व पाय अगदी ढळढळीत आत येत असेल तरच कॉल द्यावा. दोन इंच पुढे आलेल्या पायाने कोणी सामना जिंकत नाही. सर्व्हिस करून थेट नेटकडे धावणाऱ्याला मात्र त्याचा खरा फायदा होतो. त्याच्याशी बाजू बदलताना बोलावे.

बोलणे

ब्रिटिश लेखक स्टीफन पॉटर याने १९४७ मध्ये फसवणूक न करता समोरच्याला हरवण्याच्या कलेवर एक विनोदी पुस्तक लिहिले. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याला ही कल्पना १९३१ मधल्या एका दुहेरी सामन्यात सुचली. तो आणि तत्त्वज्ञ सी. ई. एम. जोड दोन तरुण विद्यार्थ्यांसमोर सपाटून हरत होते. जोडचा एक फटका टप्पा न पडता थेट मागच्या जाळीवर गेला. विद्यार्थी पुढच्या गुणासाठी जागा बदलत असताना जोडने शांतपणे विनंती केली: चेंडू आत होता की बाहेर, ते कृपया स्पष्ट सांगत जा. सभ्य घरातली ती मुले गोंधळली, आपल्या सभ्यतेवर शंका घेतली गेली असे त्यांना वाटले, आणि त्यांचा खेळ विस्कटला.

शब्दांची ही ताकद क्लबमध्येही दिसते. ‘आज फोरहॅण्ड काय लागतोय रे तुझा! ग्रिप बदललीस का?’ हे कौतुक ऐकणारा पुढच्या फोरहॅण्डला ग्रिपकडे पाहतो आणि चेंडू नेटमध्ये घालतो. टिमोथी गॅलवे याने १९७४ च्या आपल्या टेनिसवरील पुस्तकात नेमकी हीच युक्ती सांगितली आहे: चांगले चाललेले शरीर मनाने तपासायला घेतले की अडखळते. यावरचे उत्तर म्हणजे नुसते ‘थँक्यू’, आणि लगेच पुढच्या गुणाचा विचार.

न मागितलेला सल्ला देणारे प्रत्येक क्लबमध्ये असतात, आणि महाराष्ट्रातल्या क्लबांत ते बहुधा वयाने मोठे असतात. ज्यांना ‘काका’ किंवा ‘सर’ म्हणायचे, त्यांच्याशी सल्ल्यावरून किंवा कॉलवरून वाद घालणे तरुणाला जड जाते. तेथे हरकत प्रश्नाच्या किंवा विनंतीच्या रूपात घ्यावी. ‘काका, तो टप्पा एकदा बघता का?’ किंवा ‘सर, हे खेळ झाल्यावर सांगा ना, आत्ता डोक्यात राहणार नाही,’ एवढे पुरते. स्वतःवर चिडून रॅकेट आपटणाऱ्याला मात्र काही सांगू नये. त्याचा राग त्याच्याच खेळाला खातो.

न आवडणारा खेळ

तिसऱ्या प्रकारातला सर्वांत चिडवणारा खेळाडू म्हणजे पुशर: जोर नाही, फटका नाही, पण प्रत्येक चेंडू परत. त्याच्याशी हरणारा ‘हे काय टेनिस आहे का?’ असे म्हणतो. त्याचे उत्तर हो असेच आहे. समोरच्यापेक्षा एक चेंडू जास्त आत टाकणे हेच टेनिस. ब्रॅड गिल्बर्ट देखण्या फटक्यांविना, अशाच चिवट खेळावर १९९० मध्ये जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत पोचला होता.

पुशरला वेग हवा असतो, कारण त्याला स्वतःचा वेग नसतो; तो समोरच्याचाच वापरतो. म्हणून त्याला सावकाश, खोल चेंडू द्यावेत, आणि मग एक आखूड चेंडू टाकून नेटवर ओढावे, जिथे तो सहसा अवघडतो. उंच लॉब बेसलाइनच्या मागे जाऊन खांद्यावरून मारण्याऐवजी चढत्या टप्प्यावर घ्यावा, किंवा पुढे सरकून हवेतच मारावा. या फटक्यांचा सराव आधी झालेला हवा. सामन्यात ते नव्याने सुचत नाहीत.

खालून केलेली सर्व्हिसही पूर्ण वैध आहे. १९८९ च्या फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीत सतरा वर्षांच्या मायकेल चँगचे पाय पेटक्यांनी आखडले होते. समोर जगातला अव्वल खेळाडू इव्हान लेंडल. चँग उंच चेंडू टाकून वेळ मिळवत राहिला, पाचव्या सेटमध्ये त्याने खालून सर्व्हिस करून गुण जिंकला, आणि मॅच पॉइंटवर लेंडलच्या दुसऱ्या सर्व्हिसच्या वेळी तो सर्व्हिस बॉक्सच्या रेषेजवळ येऊन उभा राहिला. लेंडलने डबल फॉल्ट केला. चँगने एकही नियम मोडला नव्हता; पुढे तो स्पर्धाही जिंकला.

दोन गुणांमधला वेळ

वर सांगितलेला कोणताही उपाय डोके तापलेले असताना चालत नाही, आणि ते थंड करायला दोन गुणांमधले २५ सेकंदच हाती असतात. क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लोअर यांनी अव्वल खेळाडू हा वेळ कसा वापरतात याचे निरीक्षण करून त्याचे चार टप्पे सांगितले. गुण संपताच ताठ उभे राहून रॅकेट दुसऱ्या हातात घ्यायची. नंतर चालत श्वास सोडत स्नायू सैल करायचे, नजर रॅकेटच्या तारांवर ठेवायची. मग पुढचा गुण कसा खेळायचा ते ठरवायचे. शेवटी आपली नेहमीची लकब: चेंडू आपटणे किंवा जागेवर उड्या मारणे. या क्रमात समोरच्याकडे पाहण्याची जागा एकदाही येत नाही.

सांगायचे कधी आणि कसे

बोलायचेच असेल तर गुण संपल्यासंपल्या नव्हे, बाजू बदलताना नेटजवळ बोलावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. माणसावर नव्हे, कृतीवर बोलावे. ‘तुम्ही चीटिंग करता’ हे वाक्य सामना संपवते. ‘कॉल जरा मोठ्याने द्या, इकडे ऐकू येत नाही’ हे वाक्य सामना चालू ठेवते. नव्या माणसाशी खेळताना सुरुवातीलाच ठरवून घ्यावे: वॉर्म-अप किती मिनिटे, शेजारच्या कोर्टावरून चेंडू आला तर ‘लेट’ कोण म्हणणार, शंकेचा गुण कोणाचा. त्याच वेळी आपल्या सवयींची यादीही तपासावी. चुकलेली सर्व्हिस परत मारणे, चेंडू समोरच्याच्या हाती न देता कोपऱ्यात ढकलणे, प्रत्येक चुकीवर रॅकेटच्या तारा तपासणे या गोष्टी समोरच्याला तितक्याच खुपतात, आणि करणाऱ्याला त्या कधीच दिसत नाहीत.

इतके करूनही एखाद्याशी जमत नसेल तर वेळ किंवा जोडीदार बदलावा. स्पर्धेत प्रतिस्पर्धी ड्रॉमधून येतो आणि तो निवडता येत नाही. हौशी खेळात तो निवडता येतो.